सेंट ऑड्रीचे दहा महिने

पेरुंगुडी, चेन्नई
२ सप्टेंबर २०२४

चि. प्रतापसिंह यास,

अक्काचे आशीर्वाद. हात सवयीनं लिहून गेला, फार मनावर घेऊ नकोस.

तुझं पुस्तक कुरियरनं पोचलं. 'सागरवीर हंबीरराव'. मुखपृष्ठावर पेटलेली आगबोट, मागं लाल आकाश आणि कोपऱ्यात अप्पांचा रेशनकार्डावरचा फोटो. त्या फोटोत अप्पा तोंड आवळून बसलेत, कारण त्या दिवशी त्यांची दाढ दुखत होती. तू खाली छापलंयस, 'रणधुमाळीतील करारी मुद्रा'. मी इतकी हसले की समोरच्या फ्लॅटमधली कंप्युटरवाली मुलगी दार वाजवून विचारायला आली, आंटी, ओके ना?

एकशे बारा पानं दोन दिवसांत वाचून काढली. तुला माहीतच आहे, माझी चौतीस वर्षं पॅरीज कॉर्नरला विम्याच्या सर्व्हेयरच्या कचेरीत गेली. जहाजातला माल कुठे भिजला, कसा सडला, कुणाच्या गाढवपणानं फुटला, याचे अहवाल टाइप करण्यात. खोटं लिहिलेलं मला तिसऱ्या ओळीत कळतं. तुझ्या पुस्तकात पहिल्याच ओळीत कळलं.

आता नीट वाच. फोनवर तू 'हो अक्का, हो अक्का' म्हणतोस आणि करायचं तेच करतोस, म्हणून हे लेखी आणि रजिस्टर्ड पोस्टानं.

सेंट ऑड्री ही लढाऊ बोट नव्हती. महायुद्धात घाईघाईनं बांधलेली, नौदलाचं सामान वाहणारी मालबोट होती. १७ जानेवारी १९४४ ला कामावर आली आणि २४ नोव्हेंबर १९४४ ला एन्नोरसमोर, किनाऱ्यापासून तीन मैलांवर बुडाली. दहा महिने सात दिवस. माझा मिक्सर यापेक्षा जास्त टिकलाय. त्या दहा महिन्यांत तिनं तांदूळ वाहिले, तूरडाळ वाहिली, बूट, कांबळी, एकदा नुसते पायमोजे आणि एकदा चारशे बेडपॅन. खलाशी तिला अरिसी कप्पल म्हणायचे, तांदळाचं जहाज, तेही नाक मुरडून. तिच्यावर तोफ एक होती. ती एकदाच उडाली, पाणबुडी समजून, वाहत आलेल्या ताडाच्या ओंडक्यावर. नेम चुकला. ओंडका पुढे सुखरूप किनाऱ्याला लागला, असं अप्पाच सांगायचे.

आणि तुझे सागरवीर तिच्यावर कोठाराचे मदतनीस होते. वय एकवीस. त्यांना बोट लागायची. पहिले तीन महिने त्यांनी बादलीला मिठी मारून काढले. पान बावीसवर ते 'वादळात डेकवर निश्चल उभे' आहेत. कुणी बांधून ठेवलं होतं का?

हे सगळं मी चालवून घेतलं असतं. म्हातारपणी प्रत्येकाला बाप मोठा करावासा वाटतो, आणि तुझ्याकडे वेळ भरपूर आहे. पण पान एक्केचाळीस काढ.

त्या पानावर तू अप्पांच्या १९७८ च्या जबानीचा फोटो छापलायस आणि खाली ठळक टायपात लिहिलंयस की बॉयलरला कोळसा घालणारा स्टोकर एळुमलै ऐन वेळी आपली जागा सोडून गेला आणि पंप बंद पडून जहाजात पाणी भरलं. अरे, तीन पानं आधी तू जपानी टॉर्पेडो मारलायस! जहाज टॉर्पेडोनं बुडालं की एळुमलैनं? एकदा काय ते ठरव.

हा एळुमलै एन्नोरच्या कोळीवस्तीतला. त्याची मुलगी अजून तिथंच राहते, पूंगावनम नाव, वय ब्याऐंशी. आणि तू तमिळ आवृत्तीच्या पन्नास प्रती एन्नोरच्या शाळेला भेट देणार आहेस. तिच्या नातवंडांची मुलं त्या शाळेत असतील. त्यांचा खापरपणजोबा पळपुटा होता हे त्यांनी तुझ्या पुस्तकातून शिकायचं, तेही फुकट.

पान एक्केचाळीस काढ. कारण विचारू नकोस. मोठी बहीण सांगते म्हणून काढ.

अक्का


पेरुंगुडी
२१ सप्टेंबर २०२४

चि. प्रतापसिंह यास,

तुझं पत्र मिळालं. लेटरहेड सुंदर आहे. 'इतिहास संशोधक' हे कधीपासून? गेल्या दिवाळीपर्यंत तू पंपांच्या कंपनीचा निवृत्त विक्री अधिकारी होतास.

टॉर्पेडोच्या आधी तू 'बहुधा' घालणार आहेस. उपकार झाले. पण पान एक्केचाळीस राहणार, कारण 'कागद तो कागद, आणि त्यावर अप्पांची सही आहे'. आणि तुला हा कागद मिळाला कुठं, तर अप्पांच्या नौदलाच्या ट्रंकेत. तीच ट्रंक, जी तू २००६ मध्ये तेराव्याचं जेवण उरकून, हातसुद्धा नीट न पुसता टॅक्सीत घातलीस. अप्पांचं आजारपण माझ्या वाट्याला आणि ट्रंक तुझ्या. असो. ते तुला लागावं म्हणून लिहिलंय, पण तुला लागत नाही हेही ठाऊक आहे.

तू आयुष्यभर पंप विकलेस. मग एवढं तरी सांग, पंप कशानं बंद पडतो? स्टोकर हजर नसल्यानं, की पंपाची जाळी तुंबल्यानं?

तर ऐक. प्रत्येक जहाजाच्या तळाशी थोडं पाणी साचतंच. म्हणून तांदूळ भरताना तळावर आधी जाड फळ्या टाकतात, फळ्यांवर चटया आणि मग पोती. पोत्यांच्या रांगांमधून हवेला वाट ठेवतात. हे बंदरावरच्या हमालालाही कळतं. काकिनाड्याला सेंट ऑड्री भरत होते तेव्हा तिथल्या म्हाताऱ्या मुकादमानंही तेच सांगितलं. त्यावर आपले एकवीस वर्षांचे अप्पा, तंजावरच्या मराठ्याचा मुलगा, सात पिढ्या कावेरीच्या भातावर पोसलेला, ते काय म्हणाले असतील?

त्यांच्याच शब्दांत देते. आईनं बेळगावहून येऊन आपल्याला पुस्तकी मराठी शिकवलं, पण अप्पांची भाषा शेवटपर्यंत तंजावरचीच राहिली, ती तुला आठवत असेल तर. "आमचे घरीं कुदिरांत धान अहे. तेथ फळी अहे कीं? चटई अहे कीं? दाबून भरायचं. वारा लागला तर कीड होते. मज तांदूळ शिकवूं नक्कों!"

कुदिर म्हणजे आपल्या गावच्या घरातली धान्याची मातीची कणगी. ती उंच ओट्यावर असते, आणि ओट्याखाली समुद्र नसतो. हा फरक आपल्या वडिलांच्या ध्यानात आला नाही. त्यांनी फळ्या काढायला लावल्या आणि पोती थेट लोखंडावर, एकमेकांना चिकटवून ठासली. तीनशे पोती जास्त मावली. गोऱ्या अधिकाऱ्यानं पाठ थोपटली. तुझ्या पुस्तकात ती शाबासकी पान तेहतीसवर आहे, 'असामान्य कार्यक्षमतेबद्दल'. असामान्य होतीच.

दोन दिवसांनी एका सांध्यातून पाणी झिरपू लागलं. घाईत बांधलेल्या बोटींचं ते ठरलेलंच. एरवी पंपानं ते उपसलं असतं. पण तळची पोती ओली होऊन उसवली होती आणि तांदूळ थेट पंपाच्या जाळीत जाऊन बसला. जाळी तुंबली, पाणी वाढलं, आणि ठासून भरलेला तांदूळ फुगायला लागला. ओल्या तांदळाचे अहवाल मी कमीत कमी चाळीस टाइप केलेत. त्याला जागा मिळाली नाही की तो जागा करून घेतो. लोखंडाचे पत्रे त्यानं आतून उकलले.

सेंट ऑड्रीला कुणी मारली नाही रे. ती भातानं फुगून फुटली. आपल्या भातानं.

आणि ज्याला तू पळपुटा छापतोयस तो एळुमलै तळाच्या काळोखात गळ्याएवढ्या पाण्यात उतरून ती जाळी हातानं साफ करत होता. एकदा उतरला, दोनदा उतरला, तीनदा उतरला. त्यामुळं बोट आणखी दीड तास तरंगली आणि बाकीचे सत्तावीस जण होड्यांत बसले. अप्पा धरून. चौथ्यांदा तो खाली असताना कोठाराची भिंत फुटली. अप्पा शिडीच्या तोंडाशी उभे होते. त्यांनी त्याला उतरताना पाहिलं होतं.

हे मला कुणी सांगितलं, तर तुझ्या सागरवीरांनीच. बोट बुडाल्यावरच्या चौकशीत मात्र ते म्हणाले की फळ्या घातल्या होत्या. मुकादम काकिनाड्याला राहिला होता, त्याला कोण विचारतंय.

तेव्हा पान काढ.

अक्का


पेरुंगुडी
१२ ऑक्टोबर २०२४

प्रताप,

तू नातं तोडशील म्हणे. नातं होतं हे कळून बरं वाटलं.

पाच पानांच्या पत्रात तू मला म्हातारचळ लागलाय असं तीनदा लिहिलंस, बाप बदनाम करणारी औलाद असं एकदा, आणि शेवटी एक प्रश्न विचारलास. तुझ्या आयुष्यातला बहुतेक पहिलाच शहाणा प्रश्न. 'अप्पांनी तुला हे कधी सांगितलं, आणि मग इतकी वर्षं तू गप्प का बसलीस?'

मला वाटलं होतं हे टळेल. म्हणून पहिल्या पत्रात म्हटलं होतं, कारण विचारू नकोस.

पान एक्केचाळीस उघड. तू छापलेला जबानीचा फोटो बघ. सहीच्या खाली, डाव्या कोपऱ्यात, अगदी बारीक काय दिसतं? मोठ्या लिपीत एच. आर., मग तिरकी रेघ आणि मग लहान लिपीत एच. हे काय आहे हे संशोधकमहाराजांनी कुणाला विचारलं नाही. कचेरीतला रिवाज आहे तो. मजकूर सांगणाऱ्याची अक्षरं मोठी, टाइप करणाऱ्याचं लहान. चूक निघाली की कुणाला धरायचं ते साहेबांना कळावं म्हणून. एच. आर. म्हणजे हंबीरराव. लहान एच म्हणजे हेमावती.

तो कागद मी टाइप केलाय. पाचशे प्रतींत तू माझी सही छापलीयस आणि तुला पत्ता नाही.

१९७८ साली बंदरावर युद्धात गेलेल्यांच्या नावांची शिळा बसणार होती. एळुमलैच्या बायकोनं अर्ज केला, माझ्या नवऱ्याचं नाव घाला. तोवर तो कागदोपत्री नुसता 'बेपत्ता' होता. सरकारी कचेरीनं अप्पांना विचारलं, त्या दिवशी काय झालं ते सोबतचा माणूस म्हणून लिहून द्या. अप्पा संध्याकाळी माझ्या कचेरीत आले, साहेब गेल्यावर. मी चोवीस वर्षांची होते. ते सांगत होते, मी टाइप करत होते. ते म्हणाले, पोती फळ्यांवर होती, पण जाळीत तांदूळ बसला आणि पंप बंद पडला. मी थांबले. म्हटलं, अप्पा, पोती फळ्यांवर होती तर तांदूळ जाळीत कसा गेला? तोपर्यंत मला तेवढं कळत होतं. अप्पा खुर्चीत बसले आणि त्यांनी सगळं सांगितलं. रडले. मग डोळे पुसून म्हणाले, "लिही, शेवटीं तो मज दिसला नाही."

हे तरी खरं होतं. भिंत फुटल्यावर तो कुणालाच दिसला नाही.

पण मी ते तसं लिहिलं नाही. 'दिसला नाही' असं अहवालात लिहिलं की आमचे साहेब लाल पेन्सिल मारायचे. म्हणायचे, मोघम लिहू नका, निष्कर्ष द्या. मी सफाईनं निष्कर्ष दिला: सदर स्टोकर आपली जागा सोडून गेला होता. अप्पांनी वाचलं. माझ्याकडे बघितलं. आणि सही केली.

तू विचारशील, का? एक कारण तू आहेस. त्या वर्षी तू नौदलाच्या मुलाखतीची तयारी करत होतास, बापाच्या नावावर डाग नको होता. मग तू डोळ्यांच्या तपासणीत नापास झालास आणि पंप विकायला पुण्याला गेलास. तुझ्यासाठी माणूस पळपुटा केला आणि तुला धड अक्षरंही वाचता आली नाहीत.

पण हे निमित्त झालं. खरं कारण याहून हलकं आहे. वाक्य चांगलं झालं होतं. ठाशीव, स्वच्छ, एकही खाडाखोड नसलेलं. मला त्याचा अभिमान वाटला, प्रताप. घरी जाताना मी अप्पांना म्हटलंसुद्धा, आता कुणी परत विचारणार नाही.

कुणी विचारलं नाही. शेहेचाळीस वर्षं.

हेमावती


पेरुंगुडी
४ नोव्हेंबर २०२४

प्रताप,

तुझी दोन वाक्यांची चिठ्ठी मिळाली. पुस्तकं छापून झालीत, आता काही करता येत नाही, आणि 'जुन्या गोष्टी उकरून कुणाचं भलं होणार?' हे वाक्य इतिहास संशोधकाचं आहे. त्या लेटरहेडवर शोभलं.

मी एन्नोरला जाऊन आले.

याआधी तीनदा निघाले होते. अप्पा गेल्यावर एकदा, निवृत्तीच्या वर्षी एकदा, कोविडनंतर एकदा. तिन्ही वेळा स्टेशनवर उतरले, बाजारात मासळी बघितली आणि परत आले. तुला पळपुट्यांवर पुस्तक लिहायचंच होतं तर घरात विषय होता.

या वेळी रिक्षा केली. कोळशाच्या राखेनं रस्ता करडा झालाय, वीजकेंद्राच्या चिमण्यांखाली कुप्पम आहे. कुप्पम म्हणजे ती कोळीवस्ती. जाळी विणत बसलेल्या बायकांना मी तमिळमध्ये विचारलं, एळुमलैंच्या मुलीचं घर कुठलं? त्या एकमेकींकडे बघायला लागल्या. मग एकीला आठवलं. "ओडिप्पोनवर मगळा?" म्हणजे पळून गेलेल्याची मुलगी का? तिला हसू आलं नव्हतं, रागही नव्हता. बाईचा पत्ताच तो होता.

पूंगावनम काटक्यांसारखी बारीक आहे, पण ताठ बसते. मला तिनं स्टूल दिलं. "सांगा अम्मा, रेशनच्या कचेरीतून आलात का?" मी म्हटलं, नाही, तुमच्या वडिलांच्या जहाजावरच्या माणसाची मी मुलगी. आणि सगळं सांगितलं. तुला लिहिलं त्याच क्रमानं: फळ्या, तांदूळ, जाळी, शिडी. शेवटी माझं वाक्य.

तिनं विचारलं, "कुठं बुडालं?"

मी हात केला. तिच्या दारातून समुद्र दिसतो. कोळशाच्या धक्क्याच्या थोडं उजवीकडे.

"एवढ्याजवळ?" ती म्हणाली. "आम्ही मासे धरतो तिथं."

नंतर ती बोलू लागली ते तुला जसंच्या तसं लिहिते, मला काही वगळायचं नाही. ताली म्हणजे मंगळसूत्र, पोट्टू म्हणजे कुंकू.

"मी दोन वर्षांची होते. तार आली, बेपत्ता. वर्षभर वाट बघून आईनं ताली काढली, पोट्टू पुसलं. पांढरी साडी नेसली. तेहतीस वर्षं. मग सरकारचं पत्र आलं. आम्हाला वाचता येत नव्हतं, म्हणून देवळापुढं सगळ्या लोकांत मास्तरांनी वाचलं. जागा सोडून गेला. लोक म्हणाले, एळुमलै पळाला. सगळे हसले. आई नाही हसली. घरी आली आणि मला म्हणाली, पळाला म्हणजे जिवंत आहे. दुसऱ्या दिवशी तिनं पेटीतली ताली काढून परत गळ्यात घातली. कपाळाला पोट्टू लावलं. साठीला आलेली बाई, डोक्यात फुलं माळायला लागली. मी हात धरले तिचे. लोक तिला नवरी म्हणायचे. अठरा वर्षं रोज संध्याकाळी ती बस स्टॉपवर जाऊन बसायची. तिथंच गेली, शहाण्णव साली. पोट्टू लावून गेली."

मी तांदळाचे, बुटांचे, सिमेंटचे किती अहवाल लिहिले असतील. नुकसानीचा अंदाज हा त्यातला शेवटचा रकाना असायचा. मला तो भरता येतो असं मी आजवर समजत होते.

मी तिचे पाय धरायला वाकले. तिनं पाय मागं घेतले. म्हणाली, "हे नको. तू टाइप केलंस ना? मग आता खरं ते टाइप कर. आणि मास्तरांनी वाचलं तिथंच, देवळापुढं, सगळ्यांसमोर तूच वाच. तुझ्या तोंडानं. तो गेला त्या तारखेला."

तोपर्यंत मी 'तुम्ही' होते. तिथून पुढं 'तू' झाले.

२४ तारखेला तुझा मैलापूरच्या हॉलात प्रकाशन समारंभ आहे, मला पहिल्या रांगेत खुर्ची ठेवलीयस. ती कुणाला तरी दे. तुला वाटलं तर तू एन्नोरला ये. वाटणार नाही, पण आमंत्रण लेखी असावं.

हेमावती


पेरुंगुडी
२५ नोव्हेंबर २०२४

प्रताप,

तुझा समारंभ झोकात झाला असं समोरच्या मुलीनं मोबाईलवर दाखवलं. शाल, नारळ, दिवा, टाळ्या. पान एक्केचाळीसवर तू म्हणे पांढऱ्या कागदाची पट्टी चिकटवलीस, पाचशे प्रतींत. उजेडात धरली की खालचं वाचता येतं. शाळेच्या पन्नास प्रती तेवढ्या पाठवल्या नाहीस, एवढं तुझ्या नावावर चांगलं जमा धरते. टॉर्पेडो मात्र मारलासच.

काल काय झालं ते सांगते. तू आला नाहीस, म्हणून.

गंगैअम्मनच्या देवळापुढं चारच्या सुमाराला पावणेदोनशे माणसं जमली. पूंगावनमनं घरोघर जाऊन बोलावलं होतं. देवळाचा माइक होता, तो मध्येच शिट्टी मारायचा. मी दोन पानं तमिळमध्ये टाइप करून नेली होती. आधी अप्पांची चूक, मग अप्पांचं खोटं, मग माझं. एकही शब्द मोघम ठेवला नाही. माझं पूर्ण नाव घेतलं, कचेरीचं काम काय होतं ते सांगितलं, त्या वाक्याला मी निष्कर्ष म्हटलं होतं हेही सांगितलं. वाचताना आवाज अडखळला नाही. टाइपिस्टचा आवाज असाच असतो, आपलं काही नसल्यासारखा. स्वतःची एवढी किळस मला आजवर आली नव्हती.

एळुमलै चार वेळा खाली उतरला हे वाचलं तेव्हा पुढं बसलेल्या एका म्हाताऱ्या कोळ्यानं खांद्यावरचा पंचा मानानं काढून हातात घेतला. मग मागच्यांनीही घेतले. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कुणी मला शिव्याही दिल्या नाहीत. ज्या बाईनं मला त्या दिवशी पत्ता सांगितला होता, ती उठून पूंगावनमच्या शेजारी जाऊन बसली आणि तिनं तिचा हात धरला.

मग सगळे किनाऱ्यावर गेले. पूंगावनमच्या मुलानं पाण्यात उभं राहून आजोबांसाठी दूध आणि फुलं सोडली. ऐंशी वर्षांनी. पूंगावनमनं आईचा फोटो आणला होता, कपाळावर मोठं कुंकू लावलेला. ती तो समुद्राकडे तोंड करून धरून बसली होती. तिनं ते कुंकू पुसलं नाही. मोठ्यानं एवढंच म्हणाली, "अम्मा, तो आलाच नसता. इथंच होता."

दोन्ही पानं सही करून मी त्या सरकारी कचेरीला पाठवलीत. शिळेवर नाव घालायचं की नाही ते आता त्यांच्या हातात आहे. एक प्रत तुला या पत्रासोबत आहे. डाव्या कोपऱ्यात या वेळी दोन्ही अक्षरं माझीच आहेत.

मी देवळाच्या पायरीवर बसले होते. माणसं बोलत होती, एळुमलैबद्दल लहानपणी ऐकलेलं कुणाकुणाला आठवत होतं. कुणाच्या तरी घरून किटली आली, सगळ्यांना चहा द्यायला लागले. एक मुलगी माझ्यासमोर पेला घेऊन आली. मी हात पुढं केला. पूंगावनमनं लांबूनच पाहिलं आणि म्हणाली, "तिला नको. तिची गाडी आहे."

गाडीला पाऊण तास होता. मुलगी पेला घेऊन परत गेली. मी उठले, चप्पल शोधली आणि स्टेशनपर्यंत चालत गेले.

प्रताप, मला तो चहा हवा होता रे.

अक्का